सदा, सर्वदा, जवळजवळ

इंग्रजी गद्यात 'इन्व्हेरिएब्ली' हा शब्द दिसला की मी आधी त्याच्या डावीकडे बघतो. तिथे पुष्कळदा 'ऑलमोस्ट' उभा असतो. 'ऑलमोस्ट इन्व्हेरिएब्ली', म्हणजे जवळजवळ निरपवादपणे. आता अपवाद एक तर असतो किंवा नसतो. तो 'जवळजवळ नसणं' म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. लिहिणारा लिहून जातो, वाचणारा वाचून जातो आणि दोघांनाही काय म्हणायचंय ते बरोबर कळलेलं असतं: यात बदल होत नाही बरं का, पण उद्या झालाच तर मला धरू नका.

इंग्रजी मजकूर वाचायचा, तपासायचा, मराठीत आणायचा यात माझे दिवस जातात, त्यामुळे या जातीच्या शब्दांशी रोजची गाठ. 'ऑलवेज', 'इन्व्हेरिएब्ली', 'विदाउट फेल', 'विदाउट एक्सेप्शन', 'अनफेलिंगली', 'पर्पेच्युअली', 'फॉरेव्हर', 'अ‍ॅट ऑल टाइम्स'. शब्दकोशात हे सगळे एका पंगतीला बसलेले असतात. एकाचा अर्थ बघायला जावं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे. चांगले लेखक मात्र यांना एका पंगतीला कधी बसवत नाहीत (हा 'कधी' माझा, आणि तोही जवळजवळच). वाचता वाचता माझं मत असं होत गेलं की एखादी गोष्ट किती वेळा घडते हे सांगण्याचं काम हे शब्द करतात ते नावापुरतं. बोलणारा कोण आहे, कुठल्या सुरात बोलतोय, वैतागलाय की मजेत आहे, हे ते जास्त चोख सांगतात.

मोजायचा प्रयत्न झालेला आहे. १९४४ साली रे सिम्प्सन या अमेरिकी अभ्यासकाने विद्यार्थ्यांपुढे अशा शब्दांची यादी ठेवली आणि प्रत्येक शब्द म्हणजे शंभरात किती वेळा, असं विचारलं. 'नेव्हर'ला शून्य मिळालं. 'ऑलवेज'च्या उत्तरांचा मध्यक आला ९९. शंभर नाही, नव्व्याण्णव! पुढे १९६८मध्ये मिल्टन हॅकेल यांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा 'ऑलवेज'ला पुरते शंभर मिळाले. दुसरा आकडा कोशाला धरून आहे, पण मला पहिलाच खरा वाटतो. त्या उरलेल्या एकात केवढी तरी माणसं राहतात. 'मी नेहमी पहाटे उठतो' म्हणणारा परवा आठला उठलेला असतो, आणि तरीही त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही.

तत्त्वज्ञांनीही या शब्दांकडे पाहिलं आहे. डेव्हिड लुईस यांचा १९७५चा एक निबंध आहे. त्यात त्यांनी अशा क्रियाविशेषणांचे सहा गट पाडले. पहिला गट आपला: 'ऑलवेज', 'इन्व्हेरिएब्ली', 'युनिव्हर्सली', 'विदाउट एक्सेप्शन'. लुईस यांचं म्हणणं असं की हे शब्द वेळा मोजत नाहीत, प्रकरणं मोजतात. 'वर्गसमीकरणाला दोनाहून अधिक उत्तरं कधीच नसतात' या वाक्यात 'कधीच' आहे खरं, पण वर्गसमीकरणाला सकाळ-संध्याकाळ नसते. तिथे 'कधीच'चा घड्याळाशी काही संबंध नाही. 'कुठलंही समीकरण घ्या' एवढाच त्याचा अर्थ. हे समजलं की बऱ्याच वाक्यांची गाठ सुटते. पण लुईस यांना तर्क हवा होता, म्हणून त्यांनी चौघांना एका खोलीत कोंडलं ते ठीक. कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला ते परवडत नाही.

कारण 'इन्व्हेरिएब्ली' आणि 'अनफेलिंगली' यांची अदलाबदल करून बघा. एखाद्या भल्या गृहस्थाच्या मृत्युलेखात इंग्रजी वर्तमानपत्र लिहितं: 'ही वॉज अनफेलिंगली कर्टियस.' सौजन्यात कधी चुकला नाही. 'अनफेलिंगली'ला गुणच लागतात: सौजन्य, औदार्य, आनंदी वृत्ती. 'अनफेलिंगली उद्धट' असं लिहिलं की वाक्य लगेच तिरकं होतं, लेखकाने जीभ गालात दाबलेली दिसते. 'इन्व्हेरिएब्ली'चा ओढा उलट दिशेला. तो उशीर, पाऊस, चुकीचा रस्ता, तुटलेली छत्री यांच्या शेजारी रमतो. हा शब्द वापरणारा माणूस बऱ्याचदा ते सगळं पाहून बसलेला, किंचित कंटाळलेला, भुवई वर केलेला असतो. त्याला धक्का बसत नाही. गाडी उशिरा येणार हे त्याला ठाऊकच असतं आणि ती तशी आली की थोडं समाधानही वाटतं. मराठीत याच्या सगळ्यात जवळ 'हटकून' येतो. 'मी छत्री विसरलो की हटकून पाऊस येतो.' यात हवामानाची नोंद नाही, नशिबाशी केलेली थट्टा आहे. 'निरपवादपणे' हा कोशातला प्रतिशब्द तिथे घातला तर थट्टा जाते आणि हवामान खातं उरतं.

'पर्पेच्युअली' हे व्यंगचित्रकाराचं हत्यार. 'पर्पेच्युअली सरप्राइज्ड' असा चेहरा म्हटला की एका फटकाऱ्यात भुवया कायमच्या वर गेल्या. 'विदाउट फेल'मध्ये नेम आहे, शब्द पाळण्याची गोष्ट आहे. मुलगा दर आठवड्याला आईला पत्र लिहायचा, 'विदाउट फेल'. इथे 'ऑलवेज' घातला तर माहिती तीच राहते, पण मुलाचे कष्ट जातात. आणि 'अ‍ॅट ऑल टाइम्स' तर पाटीवरच जन्मला असावा. दार बंद ठेवा, पट्टा बांधा, ओळखपत्र जवळ बाळगा. कादंबरीतलं पात्र घरात 'अ‍ॅट ऑल टाइम्स' म्हणू लागलं की समजावं, या माणसाबरोबर राहणं कठीण आहे.

सगळ्यात जास्त काम मात्र साधा 'ऑलवेज' करतो, आणि त्याची करामत व्याकरणात लपलेली आहे. 'शी ऑलवेज ब्रिंग्ज फ्लॉवर्स.' ती नेहमी फुलं आणते. छान. आता क्रियापदाचं रूप बदलू: 'शी इज ऑलवेज ब्रिंगिंग फ्लॉवर्स.' फुलं तीच, बाई तीच, पण बोलणाऱ्याने डोळे फिरवले. उठसूट फुलं काय आणते, ठेवायची कुठे! चालू काळात 'ऑलवेज' घुसला की वाक्य तक्रार करायला लागतं. 'ही इज ऑलवेज लूजिंग हिज कीज': सदान्कदा किल्ल्या हरवतो. इंग्रजी शिकताना हा नियम बहुतेकांना एका ओळीत सांगितला जातो आणि पुढे विसरला जातो. मराठीत ही जबाबदारी क्रियापदावर टाकलेली नाही, ती शब्दांनी वाटून घेतली आहे. 'नेहमी' निर्विकार असतो. 'सारखा', 'उठसूट', 'सदान्कदा', 'केव्हा बघावं तेव्हा' यांच्या कपाळावर आठी असते. अनुवाद करताना रूपाकडे न बघता नुसत्या 'ऑलवेज'कडे बघितलं तर भांडण वाहून जातं आणि वर्तन शिल्लक राहतं.

पण तक्रार हा अर्धाच भाग. तोच चालू काळ भूतकाळात नेऊन ठेवा. 'ही वॉज ऑलवेज हमिंग.' तो सारखा काहीतरी गुणगुणत असायचा. माणूस गेल्यावर तीच तक्रार माया होते. इंग्रजी आठवणलेखनात हे वाक्य वेगवेगळ्या वेशात पुन्हा पुन्हा भेटतं: ती सतत कुणाला तरी खाऊ घालत असायची, तो कायम काहीतरी दुरुस्त करत असायचा. जिवंतपणी ज्याचा त्रास होता त्याचंच आता वर्णन होतं, आणि त्यासाठी शब्द बदलावा लागत नाही, फक्त 'इज'चा 'वॉज' होतो. भाषेत आयत्या मिळणाऱ्या गोष्टींपैकी ही मला फार मोठी वाटते.

मोठ्या लेखकांनी या शब्दांचा पोकळपणाच कामाला लावला. जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या १८१३च्या कादंबरीचं पहिलं वाक्य इतक्या वेळा उद्धृत झालंय की ते पुन्हा सांगायला संकोच वाटतो, पण त्यातल्या 'युनिव्हर्सली'कडे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पैसेवाल्या अविवाहित पुरुषाला बायको हवीच असणार, हे सत्य म्हणे सार्वत्रिक मान्यतेचं. कुणाची मान्यता? पुढच्याच वाक्यात उत्तर मिळतं: आजूबाजूच्या कुटुंबांची. त्या पुरुषाचं स्वतःचं मत काय, हे कुणाला ठाऊक नसलं तरी बिघडत नाही, असंही तिथेच सांगितलंय. म्हणजे पहिल्या वाक्यात विश्व होतं, दुसऱ्यात ते चार घरांवर आलं. ऑस्टेन कुठेही म्हणत नाही की हे खोटं आहे. ती फक्त मोठा शब्द आणि लहान गाव एकापाठोपाठ ठेवते.

तोच खेळ गिल्बर्ट आणि सलिव्हन यांनी रंगमंचावर उघड केला. १८७८च्या त्यांच्या 'एच. एम. एस. पिनाफोर' या संगीतिकेत जहाजाचा कप्तान खलाशांसमोर मिरवतो की मला समुद्र कधी म्हणजे कधी लागत नाही. खलाशी विचारतात, काय, कधीच नाही? कधीच नाही! काय, कधीच नाही? यावर कप्तान जरा थांबून म्हणतो, 'हार्डली एव्हर', म्हणजे क्वचितच. आणि खलाशी खूश होऊन त्याचा जयजयकार करतात! दुसऱ्या कडव्यात तो शिवी न देण्याबद्दल तेच म्हणतो, पुन्हा तसाच घसरतो, आणि पुढच्या अंकात भर डेकवर त्याच्या तोंडून शिवी जातेच. मला यात विनोदाहून अधिक काही दिसतं. 'कधीच नाही'ला दोनदा विचारलं तर ते टिकत नाही, हे खलाशांना माहीत आहे. म्हणून ते दोनदा विचारतात. आणि कबुली मिळाल्यावर चिडत नाहीत, कारण 'क्वचितच' म्हणणारा कप्तान त्यांना जास्त आपला वाटतो.

डिकन्सची मिसेस मिकॉबर दुसऱ्या टोकाची. 'डेव्हिड कॉपरफिल्ड' १८४९-५० या काळात हप्त्याहप्त्याने आली. त्यात ही बाई नवऱ्याच्या कर्जबाजारीपणाने पिचलेली, आणि मधूनच उसळून जाहीर करते की मी मिस्टर मिकॉबरना कधीही सोडून जाणार नाही. समोर बसलेला डेव्हिड गांगरतो, कारण त्याने तसं सुचवलेलंच नसतं. न विचारता आलेला 'नेव्हर' बोलणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते फोडतो. सोडून जायचा विचार तिच्या डोक्यात अनेकदा येऊन गेला असणार, नाहीतर त्याला इतक्या जोरात हाकलायची गरज काय? डिकन्स हे कुठेही समजावत बसत नाही. तो बाईला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावतो.

आणि मग 'किंग लिअर'. मेलेल्या मुलीला हातात घेऊन म्हातारा राजा म्हणतो, तू आता परत येणार नाहीस, आणि पुढे नुसता 'नेव्हर, नेव्हर, नेव्हर'. १६०८च्या क्वार्टो, म्हणजे लहान आकाराच्या छापील प्रतीत हा शब्द तीनदा आहे, १६२३च्या फोलिओत, म्हणजे मोठ्या आकाराच्या आवृत्तीत, पाचदा. ती दोनाची भर कुणी आणि का घातली यावर पंडितांना वाद घालू दे. पाच वेळा आल्यावर त्या शब्दातलं सगळं व्याकरण गळून जातं हे वाचणाऱ्याच्या कानाला कळतं. कप्तानाला खलाशांनी विचारलं तसं इथे कुणी विचारत नाही, 'काय, कधीच नाही?' विचारलं तरी उत्तर बदलणार नाही. अख्ख्या इंग्रजी साहित्यात 'नेव्हर'ने स्वतःचा कोशातला अर्थ पुरेपूर वसूल केला असेल तर तो या ओळीत.

इंग्रजीत लेखनाचे नियम सांगणाऱ्यांना मात्र 'ऑलवेज-नेव्हर'चा भारी सोस. जॉर्ज ऑर्वेल यांचा १९४६चा राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवरचा निबंध घ्या. शेवटी सहा नियम आहेत. चार 'नेव्हर'ने सुरू होतात: झिजलेली उपमा नेव्हर, छोट्याने भागत असताना मोठा शब्द नेव्हर, वगैरे. एकात 'ऑलवेज' आहे: शब्द गाळणं शक्य असेल तर नेहमी गाळा. या नियमातला 'नेहमी' गाळून बघा. अर्थ तसूभर हलत नाही. ही गंमत पुष्कळांनी टिपली आहे, आणि ऑर्वेल यांना ती दिसली नसेल असं मानायला मी तयार नाही. सहावा नियम सांगतो की काहीतरी रानटी लिहिण्यापेक्षा वरचा कुठलाही नियम मोडा. पाच निरपवाद आज्ञा आणि शेवटी घाऊक अपवाद! कप्तानाचं 'हार्डली एव्हर' इथे कोट घालून आलंय. तरीही हे नियम कुणी 'सहसा', 'शक्यतो' घालून लिहिले असते तर आज कुणाला पाठ नसते. उपदेशाला टोक लागतं, आणि टोक खोटं असल्याशिवाय येत नाही.

या शब्दांची एक काळी बाजूही आहे. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठातल्या मोहम्मद अल-मोसैवी आणि टॉम जॉनस्टन यांनी २०१८मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंटरनेटवरच्या ६३ गटांमधलं, ६,४००हून अधिक लोकांचं लेखन त्यांनी तपासलं. टोकाचा अर्थ सांगणाऱ्या १९ शब्दांची यादी केली आणि ते शब्द कुठे किती येतात ते मोजलं. चिंता आणि नैराश्य यांच्या गटांत ते इतर गटांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त होते, आत्महत्येचे विचार येणाऱ्यांच्या गटांत सुमारे ८० टक्के जास्त. 'मला कधीच जमत नाही', 'सगळं संपलंय', 'दर वेळी माझंच असं होतं'. माणूस कशाबद्दल बोलतोय यापेक्षा तो कसा बोलतोय यात दुखणं जास्त दिसतं, असा त्याचा रोख.

मी ती यादी दोनदा वाचली. तिच्यात 'ऑलवेज' आहे, 'नेव्हर' आहे, 'एव्हर', 'कॉन्स्टंटली', 'टोटली' आहेत. 'इन्व्हेरिएब्ली' नाही. संशोधकांची कारणं त्यांच्या कामाच्या सोयीची असतील, पण मला ते फार पटलं. बुडणारा माणूस 'इन्व्हेरिएब्ली' म्हणत नाही. त्या शब्दासाठी काठावर खुर्ची लागते, थोडी सवड लागते, आपल्याच दुर्दैवाकडे लांबून बघण्याची ऐपत लागते. आत्मकथनाच्या हस्तलिखितात लेखक आपल्या सगळ्यात वाईट वर्षाबद्दल लिहिताना 'ऑलवेज'वरून 'इन्व्हेरिएब्ली'वर आला, की दोनांतली एक गोष्ट झालेली असते: तो खरंच सावरलाय, किंवा वाचकापासून लपतोय. कुठली, ते शेजारच्या वाक्यांवरून ओळखावं लागतं.

उलट जिथे खरोखर एकही अपवाद चालणार नसतो, तिथे इंग्रजी या क्रियाविशेषणांवर विसंबत नाही. संगणकांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे तांत्रिक दस्तऐवज लिहिणाऱ्यांनी १९९७मध्ये आर.एफ.सी. २११९ या टिपणात शब्दांचे अर्थ बांधून घेतले. 'मस्ट' म्हणजे पूर्ण सक्ती. 'शुड' म्हणजे करावंच, पण सबळ कारण असेल तर आणि परिणामांचा नीट विचार करून सोडता येईल. 'ऑलवेज'ला त्या यादीत जागा नाही. गणितही 'प्रत्येक क्षसाठी' म्हणून मोकळं होतं. काम चोख हवं असलं की क्रियापद किंवा 'प्रत्येक' पुढे येतो. क्रियाविशेषण राहतं माणसांच्या बोलण्यात, जिथे चोख असण्याची कुणाला घाई नसते.

'ऑलवेज' या शब्दाचा उगमही वेळेतला नाही, वाटेतला आहे. जुन्या इंग्रजीत 'ऑलने वेय' असं काहीसं रूप होतं, म्हणजे 'सगळी वाट'. पुढे 'ऑलवे' आणि 'ऑलवेज' अशी दोन रूपं शेजारी नांदली: एक अखंड काळासाठी, दुसरं प्रत्येक प्रसंगासाठी, असा भेद सुरुवातीला असावा. १६११च्या बायबलमध्ये दोन्ही सापडतात. जगाच्या अंतापर्यंत मी तुमच्याबरोबर आहे म्हणताना ख्रिस्ताच्या तोंडी 'ऑलवे' आहे. गरीब तर तुमच्याजवळ सदाच आहेत म्हणताना 'ऑलवेज'. नंतर पहिलं रूप मागे पडलं आणि दुसऱ्याने दोघांचं काम घेतलं. घेतलं म्हणजे अगदी हव्यासाने घेतलं, कारण आज तो अशाही ठिकाणी दिसतो जिथे नेहमीचा मागमूस नसतो.

'यू कॅन ऑलवेज रिझाइन.' इंग्रजी कादंबरीत एक सहकारी दुसऱ्याला असं म्हणतो. नवा अनुवादक लिहितो, 'तू नेहमी राजीनामा देऊ शकतोस.' जणू दर सोमवारी द्यायचाय! इथला 'ऑलवेज' वारंवारतेचा नाही. तो वाट मोकळी असल्याचं सांगतो, आणि बहुधा ती वाट कुणी घेणार नाही हेही त्याला माहीत असतं. 'देअर इज ऑलवेज नेक्स्ट इयर' हे हरलेल्या संघाच्या पाठीराख्यांचं वाक्य याच घराण्यातलं. अशा वेळी मी 'नेहमी'ला हात लावत नाही. 'अगदीच नाही जमलं तर राजीनामा आहेच,' असं लिहितो, आणि पात्र फार धूर्त असेल तर 'आहेच'नंतर तीन टिंबं देतो.